पडद्याची वजनं

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला गेला. बाबांनी नवा चष्मा घेतला आणि चार दिवसांत हरवलाही. माझ्या पायाचं प्लास्टर निघालं, आणि मास्तरांनी लगेच मशीनवर बसवलं. एका हॉटेलचे चाळीस पडदे शिवायचेत, मान वर करायला फुरसत नाही.

पडद्याच्या कडेत घालायची शिशाची आठ वजनं तू मागवलीस. "होस्टेलचा पडदा नीट पडत नाही गं" म्हणे.

ठमे, मी जिन्यावरून पडले नव्हते. खोटं सांगितलं तुला. वीतभर उंचीच्या स्टुलावरून उतरले आणि पायाचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या तपासणीला पाठवलं. तिथे पडद्यावर कमरेपाशी आठ पांढरे ठिपके उमटले. "हे काय गं?" नर्सने विचारलं. आई दर रविवारी मला वजनकाट्यावर उभी करायची, म्हणून कमरपट्टीत शिवलेली वजनं काढायला मी विसरले होते. चोवीस वर्षांची घोडी मी, पडल्यापडल्या रडले.

ती युक्ती तुला मीच दाखवली होती. तोंड दाबून हसलो होतो आपण. त्याची मला फार लाज वाटते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही हाडं साठीच्या बाईची वाटतात. दीड वर्ष पाळी नाही, पोटात अन्न नाही, भरणार कशाने? नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, जेवावं लागेल." सगळं भरून येईल असं वचन काही त्यांनी दिलं नाही. तरी मी जेवते, तीनदा, आणि मधे दोनदा. काही घास रडतरडत गिळते, पण गिळते. गेल्या महिन्यात पाळी आली तेव्हा आईने हातातली भांडी टाकून मला मिठी मारली.

मी ऑगस्टमध्ये आले होते ना, तेव्हा तुझ्या खिडकीला पडदाच नव्हता. वर्तमानपत्र चिकटवलं होतंस.

आईला सगळं सांगितलंय, माझं नि तुझंही. चिडायचं तेवढं चीड. रविवारी सकाळच्या गाडीने येते. सोमवारी अकराला तिथल्या डॉक्टरांकडे तुझं नाव नोंदवलंय, दोघी जाऊ. मग समोरासमोर बसून जेवू. पहिला घास मी घेईन.

येताना तुझ्या खिडकीचा पडदा शिवून आणतेय. आठही वजनं कडेत घातलीत, दुहेरी टाक्यांनी. उसवून बघ, जमायचं नाही.

तू फक्त दार उघड.

तुझी हट्टी,
ताई