डाव्या चाकाची तंगडी

१९ नोव्हेंबर
मोडलं! विमानही आणि मीही.

बारामतीत दवाखान्यात आहे. मांडीत सळई घातलीय. काल सांगवीला आमच्याच धावपट्टीवर उतरत होते. वारा नव्हता, वेग बरोबर होता. डावं चाक टेकलं आणि त्याची तंगडीच दुमडली! पंख जमिनीला घासला, विमान गरकन फिरलं आणि बांधावर जाऊन आदळलं.

मी आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं होतं ते. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून आबांना दुसरा ध्यास नव्हता. माझी शाळा, कॉलेज, पायलटचं लायसन, सगळं त्या विमानाशेजारीच झालं.

२३ नोव्हेंबर
एअरलाइनचं मेडिकल पुढच्या महिन्यात होतं. डॉक्टर म्हणाले, विसरा. सळई, गुडघा — पुढचं पुढं बघू.

आणि दारात उभं राहून शेजारचे जोतीरामतात्या आईला सांगत होते, "पोरीच्या जातीला झेपलं न्हाय, दुसरं काय!" मला ऐकू येतं, तात्या. पाय मोडलाय, कान नाही.

२ डिसेंबर
घरी आले. दिगूला ती तुटकी तंगडी पलंगावर आणून ठेवायला लावली. दिगू — दिग्विजय, माझा चुलतभाऊ. काका-काकू गेल्यावर आमच्याच घरात वाढला. सख्खा असता तरी याहून जवळचा नसता.

तंगडी जिथं तुटली तिथं अर्ध्या भागावर गंज आहे, अर्धा भाग चकचकीत. म्हणजे चीर आधीच पडलेली होती! रात्रीच्या दवानं गंज धरला. तो जोड कव्हरखाली असतो, बाहेरून दिसत नाही. मी आदला आठवडाभर पुण्यात होते; जाण्याआधी कव्हर काढून बघितलं तेव्हा जोड धड होता. तेवढ्यात कुणीतरी विमान उडवलं आणि आपटलं.

माझी चूक नव्हती. नव्हती!

३ डिसेंबर
बानूबाई बघायला आली. पट्टीच्या कडेला शेळ्या चारते ती. मी नसताना विमान उडालं का, सहज विचारलं.

"उडालं की इमान, तू पडायच्या आदल्या बुधवारी. सूर्य कलल्यावर. मी लांब हुते, पण दिगूची गाडी हुती तितं."

दिगूला हाक मारली. थोडंफार उडवायला मीच शिकवलं होतं त्याला.

"बुधवारी विमान तू उडवलंस?"

त्यानं तंगडी हातात घेऊन परत ठेवली. मग — "व्हय."

"आपटलंस?"

"व्हय, ताई."

"आणि मला तसंच बसू दिलंस त्यात?"

खाली मान. तसाच बाहेर गेला.

४ डिसेंबर
सोडणार नाही.

९ डिसेंबर
चहा घेऊन येतो. मी तो त्याच्यादेखत बेसिनमध्ये ओतते. उठायला हात देतो, तर मी आईला हाक मारते. आबांना सांगितलं, तर ते उठून शेडमध्ये गेले. त्याचं सगळं पोटात घालणार, दुसरं काय!

बावीस तारखेला त्याचा साखरपुडा. भवानीनगरची मेघना. तिचं नाव निघालं की अजून कान लाल होतात त्याचे. माझं आयुष्य बांधावर पडलंय आणि हा शेरवानी शिवून घेतोय.

१६ डिसेंबर
आईला सांगितलं, व्यायामाला जाते. रिक्षा थेट भवानीनगरला नेली.

मेघनाच्या आईनं, पुतळाबाईंनी, कौतुकानं बसवलं. कुबडी मुद्दाम दिसेल अशी ठेवली. सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "ज्यानं बहिणीला मोडक्या विमानात बसू दिलं, त्याच्या हातात पोरगी देणार तुम्ही?"

मेघना स्वयंपाकघराच्या दारात. चेहरा पांढरा. "खरं हाय का, ताई?"

"त्यालाच विचार."

नाकारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

१८ डिसेंबर
सोयरीक मोडली! मेघनानं फोनवर विचारलं आणि यानं तेच एक उत्तर दिलं — व्हय.

आज दोन भाकरी खाल्ल्या. अपघातानंतर पहिल्यांदा गाढ झोपले.

२४ डिसेंबर
दिगू चाकणला चालला, कुठल्याशा कंपनीत. आई रडली. आबांनी त्याला मिठी मारली ती सोडेचनात.

माझ्या दाराशी थांबला. "येतो, ताई."

मी भिंतीकडे तोंड केलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

५ जानेवारी
कुबडीशिवाय चार पावलं. आबा जेवत नाहीत. दिगूचं ताट अजून मांडतात.

११ जानेवारी
आबा आले, पायाशी बसले.

"तेजू, बुधवारी दिगू खालीच उभा हुता. इमान मी उडीवलं."

डोळ्यांत मोतीबिंदू आल्यापासून मीच त्यांना उडवायला मनाई केली होती.

"भुई नीट दिसलीच न्हाय. आपटलं. वरनं बरं दिसत हुतं, म्हणून बोललो न्हाय. तू पडल्यावर दिगूला म्हणलं, आता पोरगी माझं तोंड बघायची न्हाय. त्यो म्हणाला — आबा, मी घेतो अंगावर."

तशाच पायानं उठले. भवानीनगरला फोन लावला. पुतळाबाईंनीच उचलला. मी तोंड उघडायच्या आत —

"तेजश्रीताई व्हय! आवं, तुमालाच फोन करणार हुते. मेघनाचं काल जमलं, इंदापूरला. लई उपकार झालं तुमचं. येळेवर सांगितलंत, म्हणून पोरगी वाचली आमची."