खोदणारा ट्रॅक्टर आणि आपलं बावखल

बुदैया, बहारीन
१९ फेब्रुवारी १९८४

प्रिय धाकटे बंधू पायस यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे हिलरी आणि सूनबाई रोझमेरी बरी आहेत आणि मी बरा आहे असं डॉक्टर म्हणतो. तुझा गुडघा कसा आहे? मार्सेलिनाचा खोकला गेला का? गेला नसेल तर अडुळसा दे. गेला असेल तरी थोडा दे.

तुझं पत्र मिळालं. आपलं बावखल गाळाने भरत आलं, पूर्वी मे महिन्यात अख्खी आळी घमेली घेऊन गाळ काढायला उतरायची, ती आता आखातात उतरली आहे (त्यात माझाही मुलगा आहे हे तू लिहिलं नाहीस, पण मी ते वाचलं), तेव्हा बावखल बुजवून वाडीसकट बिल्डरला द्यावं आणि त्याला मी ईस्टरच्या आत हो म्हणावं, असं तू लिहितोस. पत्र आल्यापासून मला झोप नाही. झोप आधीही नव्हती, पण तेव्हा कारण नव्हतं. वडिलांनी त्याच तळ्याच्या पाण्यावर केळी आणि पानवेल जगवली आणि आपल्यालाही. उत्तर शेवटी लिहितो. आधी इकडे काय घडलं ते ऐक, कारण हिलरी तुला ते वेगळं सांगेल.

हिलरी ज्या बागेवर मुकादम आहे तिचा मालक महमूद. माणूस सज्जन, आवाज मोठा. खजुराची झाडं, मधे पाण्याची टाकी आणि टाकीच्या कडेने लसूणघासाचा एक पट्टा. हा पट्टा त्याच्या म्हाताऱ्या आईचा, ताहेराबाईंचा. त्यांच्या शेळ्या तो खातात, आणि त्या खुर्ची टाकून तो राखतात. महमूदने यंदा एक लहानसा ट्रॅक्टर घेतला. त्याला पुढे लोखंडी सूप, माती भरायला. आणि मागे एक लांब हात. हाताला खांदा, कोपर, मनगट सगळं आहे, पंज्याला दात आहेत. खोदताना माणसाने खुर्ची फिरवून पुढच्या बाजूला पाठ करून बसायचं. आपल्या लहानपणी मिस्सेला फादर आपल्याकडे पाठ करून उभे राहत तसं. तेव्हाही पुढे काय चाललंय ते मला कळत नसे.

त्या दिवशी हिलरी नळ आणायला मीना सलमान बंदरावर गेला होता आणि मल्याळी ड्रायव्हर तापाने पडला होता. नळ यायच्या आत चर खणून हवा होता. महमूदची नजर माझ्यावर पडली. हिलरीने त्याला सांगून ठेवलंय की माझा बाप पिढीजात शेतकरी आहे. ते खरं आहे, पण माझी शेतकी म्हणजे रहाटाच्या बैलाला हाकणं, आणि तोही बैल माझं ऐकत नसे हे तुला माहीत आहे. महमूद म्हणाला, "बाबा, तुम किसान! यल्ला, खोदो!" मी नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणायला मला वेळ लागतो (हे तुलाही माहीत आहे, म्हणून तू ईस्टरपर्यंतच मुदत दिलीस), तोवर त्याने मला वर बसवून यंत्र सुरूही केलं होतं.

आता नीट ऐक. या यंत्राच्या मागच्या दोन बाजूंना दोन लोखंडी पाय असतात. खोदण्याआधी ते जमिनीवर दाबून टेकवायचे, म्हणजे यंत्र हलत नाही. महमूदने ते मला दाखवलं होतं. माझ्या लक्षातही होतं. पण एक पाय बरोबर त्या लसूणघासात पडत होता, कोवळ्या, नुकत्या फुटलेल्या. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, बांधावरून फिरून जायचं, हे वडिलांनी आपल्याला कान धरून शिकवलेलं. मी दोन्ही पाय वरच ठेवले. हात लांब केला, दात मातीत रोवले आणि ओढलं. खड्डा जवळ आला. मला वाटलं, काम चांगलं चाललंय. पुन्हा ओढलं, खड्डा आणखी जवळ आला. महमूद हातवारे करून ओरडत होता, मी मान हलवून आभार मानले. तिसऱ्यांदा ओढल्यावर कळलं की खड्डा जागेवरच आहे, येतोय तो मी. मागची चाकं चरात उतरली, सूप आकाशाकडे गेलं आणि मी कलून बसलो. जेजू, मारी, जोजेफ तिघांना हाक मारली.

तेवढ्यात हिलरी आला. आधी माझ्याकडे बघायचं की यंत्राकडे, हे त्याने थोडा वेळ ठरवलं. मग म्हणाला, "बाबा, पाय का नाही टाकले?"

"खाली पीक होतं."

"पीक? अहो, गवत आहे ते!"

"तुझ्या आजोबांसमोर बोलला असतास असं?"

एवढ्यात ताहेराबाई खुर्चीवरून उठल्या आणि अरबीत बोलू लागल्या. बोलणं बराच वेळ चाललं. महमूद मान खाली घालून ऐकत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "माँ बोलती, ड्रायवर रोज मेरा घास मारता. ये बुढ्ढा खुद गिरा, घास नहीं मारा."

मग हिलरी वर चढला. त्याने यंत्राचा हात चराच्या तळाशी रोवला आणि जोर दिला, तसं ते सगळं धूड स्वतःच्याच कोपरावर भार देऊन हळूहळू वर आलं. शेवटच्या वर्षांत वडील चटईवरून उठायचे, अगदी तसं. मी बघतच राहिलो. चरात रुतलेलं यंत्र कोणी न ओढता आपलं आपण बाहेर येतं, पायस. हे मी पाहिलं.

असो. त्या यंत्राला पुन्हा हात लावणार नाही असं मी रोझमेरीसमोर कबूल केलं आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला कागद उरला नाही.

तुझा थोरला भाऊ,
अँब्रोज

ता. क. कागदाची मागची बाजू कोरी निघाली. ताहेराबाईंच्या हुकमाने आता ते यंत्र मीच चालवतो, रोझमेरी ड्यूटीवर गेली की. पायांखाली फळ्या टाकतो, घास मरत नाही. काल टाकीतला गाळ काढला. मे महिन्यात अख्ख्या आळीने काढला असता तेवढा दुपारच्या जेवणाआधी निघाला.

आणखी एक ता. क. महमूद पुढच्या वर्षी मोठं यंत्र घेणार आहे. जुनं बोटीने मुंबईला नेता येतं असं ड्रायव्हर म्हणतो. कस्टमवाले काय म्हणतील याची काळजी मी सुरू केली आहे. तू बिल्डरला एवढंच सांग की भाऊ विचार करतोय. खोटं नाही ते.

शेवटचं. शेजारच्या डॉलीची न्हाणी आणि दगडी क्रूस यांच्यामधली वाडीत जाणारी गल्ली मोजून कळव. आईची शवपेटी तिथूनच गेली, दोन्ही बाजूंना खांदेकरी धरून, पण तेव्हा न्हाणी नव्हती. डॉलीला काही बोलू नकोस. यंत्र साडेचार फूट रुंद आहे. गल्ली त्याहून जास्त भरली तर तार कर. कमी भरली तर पुन्हा मोज.