तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

प्रिय अफरीन,

परवा पिंप्राळ्यात बायकांच्या सभेत तुझं बोलणं संपलं आणि चहाचे कप यायच्या आतच मी चपला घालून निघाले. सख्खी बहीण धुळ्याहून येते आणि मी तिला दोन घास खायलाही घरी नेत नाही! तुझा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. समोरासमोर माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणून लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण आपण दोघी मराठी शाळेतल्या. घरात बोलतो ती उर्दू कागदावर उतरवायला मला कधी जमलंच नाही.

छान बोललीस हं. मुलीची मर्जी विचारल्याशिवाय निकाह नाही, हे बाहेरून आणलेलं नाही, आपल्या दीनमध्येच, धर्मातच आहे, असं तू कुराणातल्या आयती वाचून, अर्थ सांगून समजावलंस. तुला ‘लीडरबाई’ म्हणून नाक मुरडणारी माझी सासूसुद्धा मान डोलवत होती. मग त्या कॉलेजच्या पोरीने विचारलं, आपा, तुमच्या वेळी काय झालं? तू म्हणालीस, मला विचारलं होतं, मीच मान हलवली, मला कुणी जबरदस्ती केली नाही. हे म्हणताना तू शेवटच्या रांगेत माझ्याकडे पाहिलंस.

भडगावला तुझ्या हळदीच्या दिवशी मी तुझ्या हातावर मेंदी काढत होते. डी.एड.ला नंबर लागल्याचं पत्र तू उशीखाली ठेवलं होतंस. अन्वरमामू निकाहचे वकील म्हणून तुझा होकार विचारायला येतील तेव्हा मी नाही म्हणणार, हे तू फक्त मला सांगितलंस. मी हसण्यावारी नेलं. नवरदेव शाहबाज माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, स्थळ मीच आणलेलं. भर मंडपात नकार गेला असता तर मला सासरी कुणी जगू दिलं नसतं. मी तुझा विचार केलाच नाही गं, माझाच केला.

अकरा वर्षांनी तू शाहबाजपासून सुटायला खुला, म्हणजे बायकोने मागायचा तलाक, मागितलास, तेव्हा जमातीतले बुजुर्ग तुला म्हणाले, “कबूल तो तुमनेच किया था ना, बेटी?” मी तुझ्या शेजारी बसून बुरख्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. तू खाली मान घालून हो म्हणालीस.

अफरीन, निकाहच्या वेळी मामू दोन गवाह घेऊन आत आले, तेव्हा तुझ्या पाठीशी मीच होते. दोनदा विचारलं, तू गप्प. बायका म्हणाल्या, शरमा रही है. तिसऱ्यांदा विचारलं आणि तू तोंड उघडायला मान वर केलीस. तेव्हा ओढणीखालून मी तुझी मान खाली दाबली. सगळ्यांना होकार दिसला, बाहेर खजूर वाटले गेले. हात कुणाचा होता हे तुला पहिल्यापासून माहीत आहे, आणि इतकी वर्षं तू तो दोष स्वतःवर घेऊन मला झाकतेस. बायकांना बोला म्हणून सांगत गावोगाव फिरतेस आणि माझ्यापायी स्वतः मात्र खोटं बोलतेस. आता पुरे. मला माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही. पुढच्या सभेत कुणी विचारलं तर खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. मी पहिल्या रांगेत बसेन.

तुझीच,
जमीलाआपा