पद्मिनीचं पाणी

४ जानेवारी, शनिवार
आप्पांचा दहावा झाला. घाटावर सगळ्यांसमोर मामा मला म्हणाले, "गाडीतलं पाणी बघायला दोन मिनिटं लागत्यात. बापासाठी तेवढी बी नव्हती तुला?"
 
पण मी बघितलं होतं! सकाळी आप्पांना दौंडला दवाखान्यात न्यायचं म्हणून आदल्या संध्याकाळी. झाकण काढून, बोट बुडवून. काठोकाठ होतं.

५ जानेवारी
डोळे मिटले की वरवंडच्या पुढचा रस्ता दिसतो. बॉनेटमधून वाफ. मागच्या सीटवर आप्पा छाती धरून — "झाकण उघडू नगं, भाजशील."
स्वतःचा जीव जात होता आणि काळजी माझ्या हाताची!
टेम्पो मिळेपर्यंत पाऊण तास. दौंडला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं!

७ जानेवारी
तेरावा. मामा शिरूरला परत गेले. रविवारी आईला माहेरी न्यायला येतील. मला फाटकापाशी बाजूला घेऊन म्हणाले, "सतीश, तवर तोंड उघड. काय झालं हुतं ते सांग. न्हाईतर ह्या घरात मी पाणी प्यायचो न्हाई."
काय सांगू? मलाच माहीत नाही.

८ जानेवारी
रजा टाकली. केडगावहून म्हाळू मिस्त्रीला बोलावलं. आमच्या जुन्या पद्मिनी गाडीला आप्पांनी चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पाणी तेच बदलायचे, मी नुसता पाइप धरायचो. बोअरचं पाणी कधी घातलं नाही — क्षार धरतात म्हणून.
रेडिएटरचा खालचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडला. काही नाही. थेंबही नाही! म्हाळूने तार घालून टोचलं. मग भसकन आलं — पिवळं, पिठल्यासारखं घट्ट.
म्हाळूने बोटावर घेऊन वास घेतला. "सायेब, हळद हाय की ही!"
मीही बोट लावून वास घेतला. हळदच.
"जुनी गाडी गळाय लागली की टाकत्यात. पर चमचाभर! हितं कुनी डबाच उपडा केला? बारीक नळ्या असत्यात आत, समद्या बुजल्या. पानी फिरलंच न्हाई."
आप्पांनीच टाकली असणार. दुसरं कोण?  आणि — लिहायला लाज वाटते — सुटल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी
खालून उलटं पाणी मारलं. दोन तास पिवळंच येत होतं. म्हाळू म्हणाला, "लगीन निघालं जणू गाडीचं." आणि जीभ चावली. मग फिकट. मग स्वच्छ.
विकतचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, बुडबुडे थांबले, तसं परत भरलं. तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला. तोच आवाज! वाटलं, आप्पा आत बसलेत. 
थोडा लगदा डब्यात भरून ठेवलाय. रविवारी मामांसमोर ठेवणार.

११ जानेवारी
त्या दिवसानंतर आई आज पहिल्यांदा गाडीजवळ आली. बॉनेटवरून हात फिरवला.
"त्या दिशी तू अंघोळीला गेला हुतास. हे म्हनले, खाली थेंब पडत्यात. चमचाभर हळद टाक आत. ह्यांच्या छातीत दुखत हुतं, म्हनून मला सांगितलं. मी म्हनलं, चमच्यानं काय हुतंय, दौंडापतूर जायचंय. चांगली वाटीभर वतली."
आईने वाकून गाडीखाली पाहिलं.
"वाटंत गळलं न्हाई ना रं मग?"
"नाही आई. थेंबसुद्धा नाही."
"तेवढं तरी माझ्या हातनं नीट झालं," म्हणाली आणि पदराने काच पुसत बसली.

१२ जानेवारी, रविवार
डबा पहाटेच उकिरड्यात ओतला. म्हाळूला फोन केला — हळदीचं कुणापाशी बोलू नकोस.
मामा आले. आईसमोरच सांगितलं, पाणी बघायचं राहून गेलं होतं.
मामा पाणी न पिताच निघाले. आईनेही जाताना मागे वळून पाहिलं नाही.