रुसलेल्या सोन्याची पाटी

पुंता सेका, १८ जुलै १९६४

तीर्थरूप बेलिसारिओमामांस,

भाची एर्मिनियाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला उतरला का? इथे मी, कोंबड्या आणि गाढवीण मजेत आहोत. गावाचं डोकं मात्र ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र.

पुढच्या महिन्यात सान लोरेन्सोच्या सणाला आपल्या 'ला देस्क्रेइदा' खाणीच्या तोंडाशी पितळी पाटी बसणार आहे. गावसमितीचे अध्यक्ष आउदिलिओ विसेन्सिओ (तेच, ज्यांना स्वतःची शेळी ओळखता येत नाही) यांनी मजकूर रचलाय: 'येथे एदुविहिस नावाच्या स्त्रीने पाऊल टाकले आणि सोने रुसले.' मामा, तुमच्या आईचं नाव! पितळेत! पर्यटकांनी वाचावं म्हणून!

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण राग आला की मी पहिल्यापासून सांगते. खाण सापडली एका पळपुट्या खेचरामुळे. मग इंग्रज आले, गारगोटी दळायची दगडी चाकं आली, प्यायचं पाणी खेचरांच्या पाठीवरून आलं. वरच्या थरातलं सोनं इतकं सुटं, की दळलं, धुतलं, हाती आलं. खाली गेल्यावर ते पिवळ्याधमक खोट्या धातूत अडकलं, तरी खडकात सोन्याची शीर होती. मग तो सणाचा दुसरा दिवस उजाडला. जेवणाचे डबे आत नेणारा गडी पिऊन आडवा, आजोबा आत उपाशी. आजीने शेंगांची आमटी उचलली आणि गेली आत. बाईने खाणीत जायचं नाही हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण नवऱ्याचं पोट तिला जास्त माहीत होतं. त्याच आठवड्यात शीर सुरीने कापल्यासारखी संपली, इंग्रजांनी गाशा गुंडाळला, आणि तेव्हापासून गावात कुणाचा पावही करपला तरी लोक आमच्या घराकडे बघतात.

मागच्या आठवड्यात सान्तियागोहून भूगर्भशास्त्राची एक इंजिनिअर आली. बाई! आता आत सोडायचं कसं? समितीची तीन तास बैठक झाली (पाण्याच्या टाकीसाठी यांना कधी तीन मिनिटं मिळाली नाहीत) आणि ठराव झाला, की खाणीत असेपर्यंत ही बाई नाही. तिला पँट, हेल्मेट आणि 'डॉन रेनातो' हे पुरुषी नाव देण्यात आलं. ती बिचारी रेनाता इतकी हसली, की दिवा विझायला आला. म्हणजे ठरावाने बाईचा पुरुष होतो, मामा, मग आजीसाठी तेव्हा एक ठराव करायला यांच्या बापजाद्यांचं काय जात होतं?

बाहेर येऊन तिने सगळ्यांदेखत सांगितलं, की डोंगर मधोमध चिरून अर्धा भाग खाली सरकलाय, त्यात शीर तुटली. कधी? कोट्यवधी वर्षांपूर्वी. तेव्हा बाई सोडा, माकडसुद्धा नव्हतं. मी आउदिलिओंकडे असं पाहिलं, की एखादा माणूस लाजून वाळूत शिरला असता. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "बरोबर आहे पोरी. डोंगराला आधीच कळलं असणार, एदुविहिस येणार म्हणून."

आणि लोकांनी माना डोलावल्या! माझ्या हातात गरम पावांची टोपली होती. ती त्यांच्या डोक्यात घातली नाही, एवढंच माझं पुण्य. आजी मरेपर्यंत देवळात मागच्या बाकावर बसली, हे आठवून मी घरी येऊन रडले. ती पाटी लागता कामा नये. तुम्ही तिचे थोरले चिरंजीव, तुमच्या शब्दाला मान आहे. सणाआधी या आणि या लोकांना खडसावा.

तुमची संतापलेली भाची,
एर्मिनिया

ता. क. येताना तुमचा कॉम्प्रेसर आणि दगड फोडायचं ड्रिल ट्रकमध्ये घाला, वर बटाट्याची पोती टाका. रेनाताबाई माझ्याकडे जेवायला थांबली होती. ती म्हणाली, तुटलेली शीर नाहीशी होत नाही, सरकलेल्या बाजूला खाली कुठेतरी असणारच. कुठे, ते तिने मला आमटीच्या ताटलीत पावाचा तुकडा ठेवून दाखवलं. ती जागा आपल्या शेळ्यांच्या गोठ्यामागे येते.

ता. क. दुसरा. पाटीबद्दल मी पुन्हा विचार केला. आउदिलिओंना सध्या काही बोलू नका. सोनं रुसून गेलंय असं पितळेत लिहिलेलं असेल, तर दुसरं कुणी इथे कुदळ घेऊन फिरकणार नाही. आपलं काम होईपर्यंत आजीने एवढं सोसावं. नंतर आपण तिला देवळात पहिल्या बाकावर सोन्याच्या अक्षरांत बसवू.

ता. क. तिसरा. मामींना माझा नमस्कार सांगा, पण त्यांना गोठ्यामागे आणू नका. मीही लांबच उभी राहीन, डबा तुम्ही स्वतः न्या. आजीची काही चूक नव्हती हे मला पक्कं ठाऊक आहे, पण सोन्याला ते कुणी सांगितलंय?