सुपारी चौदाव्या किलोमीटरला फुटली, त्याबद्दल

पंचवटी, नाशिक
मंगळवार

तीर्थस्वरूप भिमाजीआप्पांना नवनाथचा वाकून नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावापुढे वाकायची आपल्याकडे पद्धत नाही. तरी वाकलो आहे, यावरून काय ते ओळखा.) वहिनींचा गुडघा कसा आहे? उन्हाळ कांद्याची लागवड उरकली असेल. इकडे सगळे ठीक, म्हणजे तुमची बहीण इंदिरा नऊ दिवस माझ्याशी बोलत नाही आणि तुम्ही नऊ दिवस माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या ठिबकच्या नळ्यांच्या गुंडाळीत घालून पाठवतो आहे. पत्र तुम्ही परत पाठवाल, नळ्या पाठवणार नाही.

योगिनीचे लग्न मामाला न विचारता ठरवले, ही तुमची तक्रार, आणि म्हणून लग्नात मुलीच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहणार नाही, हा तुमचा निरोप. दोन्ही पोहोचले. आता घडले कसे ते ऐका.

साठीच्या आत एकदा पळून घ्यावे, असे आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूने ठरवले. कंपू पाच जणांचा. मी, रेल्वेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यादव, रामकुंडावरचे देवव्रत गुरुजी आणि दातांचे दोन डॉक्टर, जे सख्खे भाऊ आहेत आणि एकमेकांशी फक्त पळताना बोलतात. (बाकी वेळ वडिलांचा दवाखाना मध्ये येतो.) पूर्ण मॅरेथॉन झेपणार नाही म्हणून अर्धी घेतली, एकवीस किलोमीटर. नियम एकच केला, कोणी थांबला की सगळ्यांनी थांबायचे. चार महिने आम्ही गोदावरीच्या काठाने पळण्याचा सराव केला. खरे सांगायचे तर तीन महिने चहा कुठे चांगला मिळतो याचाच सराव झाला.

स्पर्धेचा रस्ता गंगापूरवरून गिरणाऱ्याच्या दिशेला जाऊन परत येणारा. त्याच रस्त्यावर अमोलचे घर आहे, हे मला अर्थात माहीत होते. आठ महिने त्या घराला आपण धड हो म्हटले नव्हते आणि नाहीही. मुलगा विंचूरला वाइनच्या कारखान्यात, म्हणून तुम्ही अडवून धरलेले. तो तिथे प्रयोगशाळेत आहे, चव घेतो आणि थुंकून टाकतो, हे मी तुम्हाला सांगितले होते. त्यावर तुम्ही म्हणालात, थुंकायचेच तर तोंडात घ्यायचे कशाला. तर ते घर आले की मान दुसऱ्या बाजूला वळवून पुढे सटकायचे, असे मी ठरवले होते. अंगात पिवळा बनियन, छातीवर नंबर आणि खाली मांडीपर्यंतची चड्डी. या पोशाखात होणाऱ्या सोयऱ्यासमोर कोण जाईल?

नेमका चौदाव्या किलोमीटरला यादवच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडत गेला तो सरळ एका घराच्या ओट्यावर जाऊन बसला. नियमाप्रमाणे आम्ही चौघे त्याच्यामागे. त्याला सांभाळायच्या गडबडीत ओटा कोणाचा हे मला समोर बहिरूआबा, म्हणजे अमोलचे आजोबा, काठी टेकत उभे राहिले तेव्हा कळले.

आबांनी मला ओळखले. मग एकेक माणूस बोट दाखवून मोजला. मुलीकडची पाच माणसे, रविवारची सकाळ, त्यात एक शेंडी राखलेले गुरुजी. तुम्हीच सांगा आप्पा, तुमच्या ओट्यावर अशी पाच माणसे येऊन बसली असती तर तुम्ही काय समजला असता? आबा म्हणाले, "पाच जन हे, गुरुजीबी संगं हे. मंजी तयारीनंच आले. निरोप तरी धाडायचा व्हता, पाव्हनं."

मला धाप लागलेली. मी हात वर केला, म्हणजे थांबा, सांगतो. आबांना वाटले मी नमस्कार केला. ते आत वळून ताट आणा म्हणाले.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, दुकानात गिऱ्हाईक बाहेर बायकोला काय कुजबुजते ते मला गल्ल्यावर ऐकू येते. आत अमोलची आई म्हणत होती, "पाव्हनं चड्डीवर आलेत वं आत्याबाई. टोपी-टॉवेल कसा द्यावा?" त्यावर आजी साळूबाई म्हणाल्या, "चड्डी का आसंना. आठ महिन्यांनी आले तर खरं. आधी सुपारी फोडा, मग कुठं पळायचं तिकडं पळू द्या."

ताट आले. देवव्रत गुरुजींचे असे आहे की हळदकुंकवाचे ताट समोर आले की त्यांच्या तोंडून मंत्र आपोआप सुरू होतात. चौदा किलोमीटर पळाल्यामुळे एकेका शब्दावर दम घेत होते, पण थांबले नाहीत. आबांनी अडकित्त्याने सुपारी फोडली, दोन्ही डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या (त्यांना वाटले हे स्पर्धेवाल्यांनीच ठेवले आहे), आमच्या पाचही डोक्यांवर टोप्या चढल्या, गळ्यात टॉवेल पडले आणि हातात एकेक नारळ आला. तोंड गोड करायला साखर. यादवचा गोळा तेवढ्यात उतरला.

उरलेले सात किलोमीटर आम्ही टोपी घालून, नारळ काखेत धरून पळालो. लोक फोटो काढत होते. आम्ही शेवटच्या रेषेशी पोहोचेपर्यंत ती रेषा गुंडाळायला घेतली होती. पदक देणाऱ्या मुलीने नियमांचा कागद वर-खाली वाचला, त्यात नारळाबद्दल काही लिहिलेले नव्हते, म्हणून दिले. फोटो मात्र आमच्याआधी तुमच्या गावी, देवळ्यात, पोहोचला होता. तुमचा पहिला आणि शेवटचा फोन मला मी बूट काढत असताना आला.

तर यात तुम्हाला डावलण्याचा हेतू नव्हता. होता तो नुसता योगायोग, आणि यादवची पोटरी. एक गोष्ट मात्र लहान तोंडी बोलतो. मी दुसऱ्याच्या दुकानात पाइप मोजायला होतो आणि भाड्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हा तुम्ही मला बहीण दिलीत. सगळ्या भावकीने विचारले होते, मुलगा करतो काय. तुम्ही सांगितलेत, काय करतो ते राहू द्या, कसा आहे ते मी पाहून आलोय. इंदिरेने हे मला लग्नानंतर सांगितले. अमोलला तुम्ही अजून पाहिलेले नाही, आप्पा. त्याचा कारखाना तेवढा पाहिला आहे, तोही विंचूरच्या बाजारात कांदा घेऊन जाताना, लांबून.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल कोमट करूनच लावायला सांगा.

आपला,
नवनाथ

ता. क. येत्या रविवारी अकरा वाजता आबांच्या ओट्यावर सुपारी पुन्हा फोडायची आहे, तुमच्या हातून. पहिली धरायची नाही, असे आबांनी कबूल केले आहे. आबा खोटे बोलत नाहीत, म्हणून ते गप्प बसणार आहेत. बोलायचे तुम्ही.

ता. क. २. वर लिहिले की मला धाप लागली होती. लागली होती, पण आबांनी सुपारी हातात घेतली तोवर मी दोन तांबे पाणी प्यालो होतो. "आप्पांना विचारून सांगतो" एवढे म्हणण्याइतका दम आला होता. म्हटले नाही. यादवचा यात काही दोष नाही, त्याचा गोळा खरा होता.

ता. क. ३. शनिवारी योगिनी स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला देवळ्याला येते आहे. येणार नाही, हे तिला तोंडावर सांगा. आठ महिने रोज संध्याकाळी ती मला एवढेच विचारायची, "मामा काही म्हणाले का?" आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. तुमच्याकडे टीव्ही आतल्या खोलीत आहे.