दोन पासपोर्ट, एक पेला

लॉस एंजेलिस, ४ मार्च २०१४

चि. मालसून हिस,
गिसोकदादाचे अ. उ. आ.

गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक. बातमी अशी, की पासष्टी उलटलेल्या आम्हा परदेशस्थांना आता कोरियाचं नागरिकत्व परत मिळतं आणि अमेरिकेचंही सोडावं लागत नाही. फक्त लिहून द्यायचं, की कोरियाच्या भूमीवर अमेरिकन म्हणून मिरवणार नाही. लाँड्री विकली आहे. तुझी वहिनी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मुलगा फोनवर इंग्रजीत तब्येत विचारतो, मी इंग्रजीत बरी आहे म्हणतो.

सोलमध्ये म्हाताऱ्यांना मेट्रो फुकट असते, हे खरं का गं?

लोभ असू दे, टोमणे कमी.
तुझा दादा

तोंगयोंग, २० मार्च

ति. दादास,
मालसूनचा सा. न.

मेट्रो फुकट आहे. दवाखानाही स्वस्त आहे, कारण इतकी वर्षं त्याचे हप्ते आम्ही भरले. माझा मुलगा योंगहो सक्तीच्या लष्करी नोकरीत सरहद्दीवर फावड्याने बर्फ उपसत होता तेव्हा तुझा चिरंजीव समुद्रावर फळी घेऊन लाटांवर नाचत होता. फोटो तूच पाठवला होतास. आता गुडघ्यांना देशप्रेमाचं भरतं आलंय म्हणे! आमच्या कालवं सोलणाऱ्या बायकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही ताटांत जेवणारा जावई बघितला होता, भाऊ पहिल्यांदाच बघतोय.

तरी ये. खोली झाडून ठेवते.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तू आल्यावर ठरवू.
मालसून

तोंगयोंग, २० ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न.

नागरिकत्व मिळालं, अभिनंदन. आज मी चिडलेली आहे, हे आधीच सांगते. धाकटे काका येऊन गेले. म्हणाले, थोरला मुलगा देशात आला, आता आईच्या श्राद्धाला दारूचा पहिला पेला तो वाहील, तू मागे बायकांत बस. तू नव्हतास तेव्हा तो पेला मी उचलला. भाऊबंद नाकं मुरडत होते, तरी दर वर्षी उचलला. शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं मी केलं. तिच्यापुढे पेला धरते तेव्हा मला ती भेटल्यासारखी वाटते. तुझ्याकडे दोन देश आहेत, दादा. माझ्याकडे हा एक पेला आहे. तोही तुला हवा असेल तर तसं स्पष्ट कळव.

मालसून

सोल, २ नोव्हेंबर

चि. मालसून हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मेट्रोत दोन स्टेशनं पुढे गेलो. फुकट होतं म्हणून परत आलो.

खरं सांगू? पेला मला हवा होता. श्राद्धाला पुढे उभं राहिलं की परत आल्यासारखं वाटेल, असं मनात होतं. आई गेली तेव्हा मी दुकान बंद ठेवायला घाबरलो आणि आलो नाही. पुढे उभं राहायला माझ्याकडे तोंड नाही.

काल काकांना फोन केला. म्हटलं, मी अमेरिकन माणूस, तुमचे विधी मला काय कळणार, पेला मालसूनच वाहील. काका ओरडले, की गेल्याच महिन्यात सरकारला लिहून दिलंस ना, इथे अमेरिकन म्हणून मिरवणार नाही म्हणून? म्हटलं, दिलंय. करा तक्रार.

शनिवारी श्राद्धाला येतो. माशाची धिरडी तळायला मला बसव. बायकांच्या मागे जागा असेल तर तिथून आईला नमस्कार करीन.

तुझा दादा